रेषेत टांगलेला दिवा

बारा दिवस. अक्का दवाखान्यात नव्हती ती मोजून बारा दिवस, आणि तेवढ्यात या लोकांनी घालायचा तो घोळ घालून ठेवला.

सोमवारी सकाळी साडेआठला तिनं काचेचं दार ढकललं, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि दारातच थबकली. मोतीबिंदू काढलेला डोळा अजून जरासा पाणावत होता, पण दिसत होतं लख्ख. भिंती पांढऱ्या झालेल्या. जुनी बाकडी गेलेली, त्यांच्या जागी फिक्या लाकडाच्या सडपातळ खुर्च्या. भिंतीवर चौकटी, एकीला लागून एक, अशा की जणू कवायतीला उभ्या केल्यात. बरं, ठीक आहे. दवाखाना तिच्या धाकट्या भावाचा. दातांचा डॉक्टर तो, रंग त्यानं कुठलाही लावावा. आणि हे सगळं केलं होतं त्याच्या नव्या सुनेनं, जी घरं-ऑफिसं सजवायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. अक्का एक अक्षर बोलणार नव्हती. तिनं खुर्चीवर बसून बघितलं, पाठीला टोचलं, तरी नाही बोलली.

मग तिची नजर टाकीकडे गेली.

काउंटरच्या डाव्या अंगाला दीड हात लांबीची ती काचेची टाकी. खाऱ्या पाण्याची. आत दोन नारिंगी मासे, चार गोगलगाई, आणि मधोमध दगडावर बसलेली कोबीबाई. हे नाव दात दाखवायला येणाऱ्या पोरांनी ठेवलेलं. खरं तर ते प्रवाळ, तपकिरी-हिरवट, मुठीएवढं, कोबीच्या गड्ड्यासारखं गोल. नऊ वर्षांपूर्वी मीठवाल्यांच्या दुकानातून अक्कानं नखाएवढा तुकडा आणला होता. दुकान शोभेच्या माशांचं, पण टाकीत समुद्रासारखं पाणी कालवायचं मीठही विकतात म्हणून सगळे त्यांना मीठवाले म्हणतात. नखाची मूठ व्हायला नऊ वर्षं लागली. रोज सकाळी उडालेल्या पाण्याची भर, दर गुरुवारी ड्रॉपरनं तिच्या अंगावरच्या एकेका बारीक तोंडाशी थेंबथेंब खाणं. भावाचा संसार, भाच्याची शाळा-कॉलेज आणि दवाखान्याचं काउंटर सांभाळून अक्कानं स्वतःचं असं काही वाढवलं असेल तर ते हेच.

कोबीबाई आक्रसून बसली होती. सकाळी बाहेर येणारी तिची बारीक बोटं आत ओढलेली. आणि माथ्यावरचा तपकिरी रंग विटलेला, धुऊन धुऊन फिका पडलेल्या पायपुसण्यासारखा.

अक्कानं वर पाहिलं. तिचा जुना दिवा गायब. छतातून दोन पोलादी तारांवर एक काळा, सडपातळ, नवाकोरा एलईडी दिवा टांगलेला. डोळ्याला बघवेना इतका प्रखर. तिनं चष्मा खाली ओढला आणि हात लावून मोजलं, अंगठा पाण्याशी, करंगळी दिव्याशी. एक वीत. वर एक बोटसुद्धा नाही. जुना, म्हातारा, मवाळ दिवा तिनं दीड वितीवर ठेवला होता, तोही महिनाभर दोन-दोन बोटं खालीवर करून, कोबीबाईचं तोंड बघून. आणि हा तिप्पट तापट दिवा एका वितीवर!

"कुणी लावलं हे?" अक्का रिकाम्या खोलीत ओरडली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सूनबाई दहाला आली. हातात फोन, कानात फोन, बगलेत नकाशांची गुंडाळी. पोरगी वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. अक्काच्या ऑपरेशनच्या दिवशी डबा घेऊन आली होती. पण उंटावरचा शहाणा जसा गावात आल्यावर आधी चौकट पाडा म्हणतो, तशातली गत.

"आत्या! आलात तुम्ही! डोळा कसा आहे? आवडलं का सगळं?"

"डोळा राहू दे. हा दिवा इतका खाली का टांगलास?"

"रेषेसाठी," सूनबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखर उजळला. "इथून बघा. चौकटींची खालची कड, दिव्याची खालची कड, काउंटरच्या मागच्या फळीची कड. सगळं एका रेषेत. नजर कशी सरळ जाते बघा."

अक्कानं बघितलं. नजर सरळ जात होती. नजरेचं काय जातंय?

"अगं, टाकीत जीव आहे. दिवा तिच्यासाठी आहे, भिंतीसाठी नाही."

"हो ना, म्हणूनच चांगल्यातला आणला. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ ना, आत्या?"

अक्कानं कपाळावर हात मारला. मग तिनं सांगितलं, जे ती गेली नऊ वर्षं दात दुखणाऱ्या माणसांना कळ विसरावी म्हणून सांगत आली होती. प्रवाळ म्हणजे घरमालक. त्याच्या अंगात डोळ्याला न दिसणारी बारीक शेवाळं राहतात, ते भाडेकरू. भाडेकरू उजेडावर स्वयंपाक करतात आणि मालकाला जेवायला घालतात. रंग असतो तोही त्यांचाच. उजेड बेताचा असेल तोवर गुण्यागोविंदानं नांदतात. उजेडाचा मारा झाला की त्यांची चूल भडकते आणि मालकच त्यांना बाहेर काढतो. मग घर पांढरंशुभ्र दिसतं, आणि आत मालक उपाशी मरतो.

"माझ्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? एकदम उन्हात जाऊ नका, हळूहळू सवय करा. तुम्ही सगळ्यांनी माझ्या खोलीचे पडदे ओढलेत ना? मग हिच्यावर हा सूर्य कसा काय टांगलात?"

"आत्या, तुम्ही बसा ना," सूनबाई मऊ आवाजात म्हणाली. "शुक्रवारी मासिकाचे लोक फोटो काढायला येतायत. नंतर बघू आपण. आणि उजेड या फोनवरून कमी-जास्त होतो, तेव्हा काळजीच करू नका."

"मग आत्ता कमी कर."

"आत्ता पूर्ण ठेवलाय. फोटोंच्या आधी सगळ्या दिव्यांचा तोल एकदा जुळवलाय, परत हलवला तर पुन्हा पहिल्यापासून."

झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या संध्याकाळी सहाला शेवटचा पेशंट गेल्यावर अक्का स्टुलावर चढली. डोळ्यावर ताण द्यायचा नाही, वाकायचं नाही, चढायचं तर मुळीच नाही, असं डोळ्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं. ती चढली. तारेवरची लहानशी कळ दाबून तिनं दिवा वर सरकवला, दीड वीत जास्त. तारेचा उरलेला फेरा नीट गुंडाळला आणि खाली उतरून हुश्श केलं.

मंगळवारी सकाळी सूनबाई पाणसळ घेऊन आली. तीच ती, मधे हिरवा बुडबुडा असलेली पट्टी. दिवा खाली आला, बुडबुडा मधोमध आला, पोरीचा जीव भांड्यात पडला. तिनं अक्काला एका शब्दानं विचारलं नाही की कुणी हलवला. त्या सभ्यपणानं तर अक्काचा जास्तच संताप झाला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग अक्कानं खिडकीच्या जाळीचा तुकडा आणला, दुहेरी केला आणि टाकीवर पसरला. उजेड निम्मा झाला. तासाभरानं कोबीबाईनं दोन बोटं बाहेर काढली, घाबरत घाबरत. अक्का काउंटरवरून तिच्याकडे बघत पेशंटना आत सोडत होती आणि तिला वाटत होतं, निभावलं.

दुपारी डॉक्टर भाऊ स्वतः बाहेर आला, दोन बोटांत धरून जाळी उचलली आणि म्हणाला, "अक्का, हे काय गं? भाजीच्या टोपलीवर टाकल्यासारखं?"

"बाळ्या, खाली ठेव ते."

पेशंटसमोर तो डॉक्टर, आत बाळ्या, असा अक्काचा एकोणीस वर्षांचा नियम. आज तिनं तीन पेशंटसमोर बाळ्या म्हटलं. त्यानं जाळीची घडी घालून खणात ठेवली आणि आत गेला. आतल्या दुसऱ्या खुर्चीशी काम करणाऱ्या भाच्यानं, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्यानं, लगबगीनं तोंडाला मास्क लावला. घरात आवाज चढले की तो हे करतो. त्याला वाटतं मास्क लावला की माणूस दिसत नाही.

बुधवारी कोबीबाई पांढरी झाली.

एका रात्रीत नाही म्हणता येणार, पण अक्काला तसंच वाटलं. माथा पांढरा, उजवी कूस पांढरी, फक्त डावीकडे, खालच्या सावलीतल्या बाजूला थोडा तपकिरी पट्टा शिल्लक. पांढरं म्हणजे कसं? चुन्यासारखं नाही. काचेसारखं. पातळ कातडीतून आतला सांगाडा दिसत होता.

आणि लोकांना ते आवडलं! हेच अक्काला शेवटपर्यंत पचलं नाही. पहिल्या पेशंटबाई आल्या, टाकीपाशी वाकल्या. "अय्या, किती स्वच्छ केलंत! आधी कसं मळकट दिसायचं!" दुसरे एक आजोबा म्हणाले, "पाणी बदललं वाटतं, छान." एका आईनं पोराला उचलून दाखवलं, "बघ, घासलं की कसं पांढरं होतं, तू दात घासत नाहीस ना!" पोरगं तेवढं शहाणं निघालं. ते म्हणालं, "कोबीबाई आजारी आहे." आई म्हणाली, "गप रे."

अक्का प्रत्येकाला सांगत होती, "ती मरतेय हो." लोक हसून खुर्चीत बसत होते. म्हातारीचा डोळा अजून बरा झालेला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

बाराच्या सुमाराला डॉक्टर चहाला बाहेर आला, टाकी बघितली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभाच राहिला. "वा! अक्का, हे तर आपल्या धंद्याला शोभेलसं झालं. दात पांढरे करून मिळतील, याची याच्यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? शुक्रवारी याचा जवळून एक फोटो घ्यायलाच सांगतो."

अक्का उठली. दोन पेशंट बसले होते. तिनं त्यांना "बसा हं" म्हटलं, भावाचा कोपर धरला आणि त्याला मागच्या औजारं उकळायच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"बाळ्या, दात पांढरे करायचा तुझा तो निळा दिवा. तो दातापासून किती लांब धरतोस?"

"म्हणजे? दोन बोटं. का?"

"आणि किती वेळ?"

"बारा मिनिटं. मधे थांबून."

"तेराव्या मिनिटाला का नाही?"

"अक्का, पेशंट बसलेत—"

"बसू देत. हिरडीवर आधी लेप का लावतोस?"

"हिरडी भाजू नये म्हणून." तो आता चिडला होता. "एकोणीस वर्षं बघतेयस, तुला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे. हिरडी भाजली तर दिसते कशी?"

तो बोलायला गेला आणि थांबला. तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्यांना "आ करा" सांगणारा माणूस स्वतः आ करून उभा.

"सांग ना. दिसते कशी?"

"पांढरी," तो म्हणाला.

"मागच्या वर्षी त्या एका मुलाच्या हिरडीवर तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला, तेव्हा काय केलंस?"

"दिवा बाजूला केला."

"कधी? शुक्रवारी?"

"तेव्हाच. लगेच."

"तेव्हा तू कसा घामाघूम झाला होतास रे. त्या मुलाच्या आईला चारदा फोन केलास. पांढरं म्हणजे स्वच्छ, असं तिला सांगितलंस का?"

भावानं खिडकीतून बाहेर पाहिलं. मग दार किलकिलं करून टाकीकडे पाहिलं, बराच वेळ. अक्काला त्याचा चेहरा लहानपणापासून पाठ. त्याला कळलं होतं. अगदी पुरतं कळलं होतं, कारण अक्का आता त्याच्याच भाषेत बोलली होती. तिच्या छातीवरचा दगड उतरला. आता हा जाईल, सुनेला म्हणेल, बाई गं, तो दिवा वर घे.

त्यानं दार लावलं.

"बरोबर आहे तुझं, अक्का," तो म्हणाला. "पण आता दोनच दिवस राहिलेत. पोरीनं एवढी मेहनत केलीय, लग्नानंतरचं तिचं पहिलं काम आहे, सगळं जुळवून ठेवलंय. शुक्रवारी फोटो होऊ देत. शनिवारी तू म्हणशील तितका वर घेऊ दिवा. मी स्वतः चढतो स्टुलावर."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? सूनबाईला कळलं नव्हतं, पेशंटना कळलं नव्हतं, त्यांच्यावर रागवायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. पण हा? याला माहीत होतं की भाजतंय. माहीत असून तो म्हणत होता, दोन दिवस भाजू दे.

"तुला कळलं नसतं तर मी माफ केलं असतं, बाळ्या," ती म्हणाली.

"अगं, एका एवढ्याशा दगडासाठी—"

"आत्ता हिरडी म्हणालास. एवढ्यात दगड झाला?"

ती बाहेर आली. काउंटरखालून तिनं तिची निळी बादली काढली, तीच जिच्यात ती मीठ कालवायची. मगानं टाकीतलं पाणी बादलीत भरलं. बाह्या वर सारल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि कोबीबाईला तिच्या दगडासकट अलगद सोडवलं. खोलीतले सगळे बघत होते. डॉक्टर दारात, भाचा मास्कमध्ये, सूनबाई हातात फोन धरून. पाणी अक्काच्या साडीवर, नव्या फिक्या लाकडावर, जमिनीवर ठिबकत होतं.

"आत्या, फोटो..." सूनबाई पुटपुटली.

"काढा की. तुझ्या रेषेला मी बोट लावलेलं नाही."

मीठवाल्यांचं दुकान तीन रस्ते पलीकडे. अक्का बादली घेऊन चालत गेली. रिक्षात पाणी हिंदकळलं असतं. दर दहा पावलांना बादली खाली ठेवून ती आत बघायची आणि वाटेत भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांना उत्तर द्यायची नाही. डोळा झोंबत होता, चष्मा काउंटरवरच राहिला होता.

मीठवाल्यांनी बादलीत पाहिलं आणि ते चुकचुकले. "कुणी केलं हे?"

"माझ्याच माणसांनी."

दुकानाच्या मागच्या भागात एक टाकी होती, पाणी तयार, दिवा मंद. त्यांनी कोबीबाईला तळाशी, कोपऱ्यातल्या सावलीत ठेवलं आणि वरचा दिवा अडीच वितींवर नेला. "उजवी कूस गेली, ताई. खोटं कशाला बोलू? डावीकडे धुगधुगी आहे. हातानं भरवावं लागेल, रोज. वाचली तर महिन्यानं कळेल, नाही वाचली तर आधी कळेल."

गुरुवारी अक्का दवाखान्यात गेली नाही. एकोणीस वर्षांत ऑपरेशन सोडलं तर पहिल्यांदा. ती दुकानात गेली आणि ड्रॉपर घेऊन स्टुलावर बसली. उजव्या बाजूची कातडी सुटून पाण्यात लोंबत होती. ती तिनं चिमट्यानं काढून टाकली. रडली. मीठवाले मिठाची पोती मोजायला पुढे निघून गेले. डाव्या बाजूच्या एका तोंडाशी तिनं थेंब सोडला. थेंब वाहून गेला. दुसरा सोडला, तोही वाहून गेला. शुक्रवारी दुपारी चौथ्या प्रयत्नाला एक तोंड हललं, इतकं हळू की अक्काला आधी डोळ्याचाच दोष वाटला, आणि खाणं आत गेलं.

"घेतलं!" ती ओरडली. "मीठवाले, घेतलं हो, एका तोंडानं घेतलं!"

मीठवाले धावत आले. दोघं काचेला नाक लावून बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाळ्या.

"अक्का, झाले गं फोटो. मस्त झाले. ते लोक एकदम खूश." तो थोडा थांबला, मग लहानपणी काही फोडलं की काढायचा त्या आवाजात म्हणाला, "आणि तू मनाला लावून घेऊ नकोस हं. पोरीनं तिथे एक पांढरा दगड ठेवला होता, तेवढ्याच आकाराचा. तुझी कोबी नाही, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

तो तिची समजूत घालत होता. खरोखर, मनापासून समजूत घालत होता.

"बाळ्या," अक्का म्हणाली, "सोमवारपासून काउंटरला मी नाही."

"अगं, असं काय करतेस? तुझ्याशिवाय—"

"काळजी करू नकोस. तिथेही कुणाला तरी बसव. कुणाच्या लक्षात येणार नाही."

तिनं फोन बंद केला, पदरानं हात पुसले आणि वर बघितलं.

"मीठवाले," ती म्हणाली, "दिवा अजून दोन बोटं वर घ्या."